फॅमिली ट्रिप आणि गळ एकाच सुट्टीत बसवताय? मग या चुका टाळा

इंदूरच्या मराठी खानदानात एक तरी काका असा असतोच ज्याच्या डिकीत वर्षभर रॉड पडलेला असतो. सुट्टीत कुठे जायचं हे ठरताना बाकीचे रूमचे फोटो बघतात आणि काका मॅपवर निळं काय दिसतंय ते बघतो. मग "तलाव पण आहे, रिसॉर्ट पण आहे, करून टाक बुकिंग" एवढ्यावर सगळं फायनल होतं. आमच्याकडे बुकिंगचं खातं माझं, गळ टाकणारे दोघं आणि न टाकणारे पाच, त्यामुळे दोन्ही पार्ट्यांची किटकिट मलाच ऐकावी लागते. नात्यातल्या आणि कॉलनीतल्या लोकांच्या ट्रिपा कुठे फसतात तेही बघत असते, त्यातून हे लिहितेय.

सगळ्यात मोठी गडबड तारखेची. पहिला पाऊस पडला की इंदूरकराला चोरल, पातालपाणी आठवतं, आणि नेमकी तेव्हाच आपल्याकडे बंदी असते. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद, मासा पकडणं, विकणं, नेणं सगळंच. कारण साधं आहे, रोहू-कतला-मृगल यांची अंडी घालायची वेळ हीच, पुराचं पाणी चढलं की ते चढतात. नदीशी संबंध नसलेल्या छोट्या तलावांना यातून सूट आहे, पण समोरचा तलाव त्यात बसतो की नाही हे आपण काठावर उभं राहून ठरवायचं नसतं, गावात विचारायचं. कोकणात जायचं असेल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद, म्हणजे "जूनमधे गर्दी कमी असते, स्वस्तात मिळतंय" म्हणून मालवणला गेलात तर खवळलेला समुद्र बघून परत यायचं. आणि हिमाचलचं उलटं, तिथे ट्राउट थंडीत अंडी घालतो म्हणून १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद. दिवाळी ज्या वर्षी नोव्हेंबरात येते त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तीर्थन व्हॅलीला रॉड घेऊन जाणाऱ्यांची फजिती ठरलेलीच, ख्रिसमसवाल्यांची तर दरवर्षी.

दुसरी गोष्ट, पाणी कुणाचं आहे ते न विचारणं. आपल्याला वाटतं पाणी सरकारी आहे, कुणीही बसावं. असं नसतं. गावातले तलाव पंचायतीकडून मच्छीमार समित्यांना लीजवर दिलेले असतात, त्यांनी पैसे घालून बीज सोडलेलं असतं, त्यात तुम्ही गळ टाकलात तर ती त्यांच्या दृष्टीने चोरीच. इंदिरा सागर, गांधी सागर यासारखी मोठी धरणं मत्स्य महासंघाकडे आहेत. म्हणून रिसॉर्टला फोन करताना "फिशिंग होतं का" असं विचारू नका, त्यावर "हो हो सर, सब होता है" हेच उत्तर येतं. विचारायचं असं की परवानगी कोण देतं, पावती मिळते का, काठावरून की बोटीतून. तीनपैकी एकाचं जरी उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा. मत्स्य विभागाचं ऑफिस जिल्ह्याच्या ठिकाणी असतं, एक फोन तिकडेही करायला काय जातं.

अभयारण्याचंही तेच. मढई फॅमिलीसाठी एक नंबर, जीप सफारी, बोट सफारी, लहान मुलं खूश, पण ते सातपुडा टायगर रिझर्व्ह आहे, रॉड घरी ठेवायचा. चंबळला घडियाल अभयारण्य आहे, तिथेही नाही. इंदूरचे सिरपूर आणि यशवंत सागर तलाव २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहेत, तिथे दुर्बीण न्या, मुलांना सारस दाखवा. आणि नर्मदेच्या घाटांवर तर विषयच नको. ओंकारेश्वर-महेश्वरला लोक माशांना कणकेच्या गोळ्या घालतात, हात जोडतात, त्याच माशांसाठी तिथेच कुणी गळ टाकला तर भांडण होणार आणि मी त्या भांडणात घाटवाल्यांच्या बाजूने असेन.

मग येतं महाशीर प्रकरण. व्हिडिओत पाहिलेला खांद्याएवढा महाशीर डोक्यात ठेवून लोक इंदिरा सागरच्या काठच्या हनुवंतियाचं बुकिंग करतात. अहो महाशीर हा मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे, २०११ पासून, आणि तो दर्जा मिळाला तो मासा कमी होत चालला म्हणूनच. त्याला वाहतं, थंड, खडकाळ तळाचं पाणी लागतं आणि आपली नर्मदा आता एकामागून एक धरणांमुळे बऱ्याच ठिकाणी साठलेलं पाणी झालीय. इंदिरा सागरमधे जायचं ते कतला, रोहू किंवा पढिनच्या अपेक्षेने जायचं, सामानही त्याच हिशोबाने. आणि महाशीर कुठे लागलाच तर पाण्यातच गळ सोडवून जाऊ द्यायचा, फोटो नाही काढला तरी चालतं.

आता खरा मुद्दा, ज्यावर फॅमिली ट्रिप तरते किंवा बुडते. मासा खातो पहाटे आणि संध्याकाळी. म्हणजे गळवाल्याला पाहिजेत सकाळचे साडेपाच ते नऊ आणि उन्हं कलल्यावरचे दोन तास. मधले सकाळी दहा ते चार त्याच्या काहीच कामाचे नसतात, आणि नेमके तेच बाकीच्यांचे असतात. लोक जागा निवडतात पाणी बघून आणि या दहा ते चारमधे काय करायचं हे कुणी बघतच नाही. मे महिन्यात हनुवंतियाला पाणी पार आत गेलेलं, काठावर वाळलेला चिखल, सावली नाही, खंडवा पन्नासेक किलोमीटर लांब, मुलं रूममधे मोबाइल घेऊन बसलेली आणि आजीचं सुरू, "यापेक्षा घरी कूलरमधे बरं होतं". तीच जागा ऑक्टोबर ते जानेवारीत एकदम वेगळी असते, पाणी भरलेलं, हवा छान. फक्त जल महोत्सवाच्या दिवसांत मोटरबोटी आणि गर्दी इतकी की शांतपणे गळ टाकणाऱ्याने ते दिवस सोडावेत, मुलं असतील तर मात्र तेच दिवस पकडावेत. दोन्ही एकदम हवं असेल तर जमणार नाही, आधीच घरात बसून ठरवून टाका कुणाची ट्रिप आहे ती.

महेश्वर या बाबतीत उजवं आहे. किल्ला, अहिल्याबाईंची गादी, साड्यांचे माग, सहस्रधारा, आणि मांडू चाळीस किलोमीटरवर. गळवाला घाटापासून लांब, स्थानिक केवटाला आणि मत्स्य विभागाला विचारून जिथे हो म्हणतील तिथे पहाटे बसेल, दहाला परत येईल, आणि त्याच्याशिवाय बाकीच्यांचं काही अडलेलं नसेल. आणि तिथे कुणी नाहीच म्हणालं तरी ट्रिप वाया जात नाही, हा महेश्वरचा मोठा फायदा.

नर्मदेवर एक गोष्ट मात्र मी हट्टाने सांगते. धरणाच्या खालच्या बाजूला खडकांवर बसू नका, पाणी कितीही कमी दिसो. एप्रिल २००५ मधे धाराजीला स्नानाच्या मेळ्यात इंदिरा सागरचं सोडलेलं पाणी अचानक चढलं आणि कित्येक लोक वाहून गेले, इंदूर-देवासच्या लोकांना हे सांगायला नको. सायरन ऐकू आला की रॉड, डबा, चपला सगळं तिथेच टाकून वर यायचं. नर्मदेत मगरीही आहेत, त्यामुळे लहान मुलांना पाण्यात पाय सोडून बसवायचं नाही, आणि बोटीत लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं आहे का ते बसण्याआधी बघायचं, मोठ्यांचं जॅकेट पाच वर्षांच्या पोराच्या डोक्यावरून निघून जातं.

समजा सगळं नीट झालं, पोचलात, बसलात आणि तासभर काही हललंच नाही. अशा वेळी लोक जागा बदलत सुटतात. आधी खोली बदला. कतला वरच्या पाण्यात खातो, रोहू मधल्या, मृगल तळाशी. फ्लोट एकाच ठिकाणी बांधून ठेवलात तर तिघांपैकी एकाच्याच तोंडासमोर तुमचं आमिष आहे. ऊन चढलं असेल तर मासा खोल किंवा सावलीत, नाला जिथे धरणात येऊन मिळतो तिकडे बघा. कणकेचा गोळा पाण्यात विरघळून रिकामा गळच बसलाय असंही खूप होतं, त्यात भाजलेल्या डाळ्याचं पीठ आणि थोडा उकडलेला बटाटा मळा, घट्ट राहतो. आमच्याकडे सकाळच्या उरलेल्या पोह्यांचाही गोळा होतो, पण हळद-मोहरीचे नाही, साधे भिजवलेले. आणि आधी अर्धा तास थोडा कोंडा-पेंडीचा चारा टाकून जागा तयार करायची, हे न करता मासा रागावलाय म्हणण्यात अर्थ नाही.

मुलांच्या हातात भारी रील देऊ नका, दहा मिनिटांत दोरीचा गुंता आणि रडारड. साधी बांबूची काठी, फ्लोट, छोटा गळ, आणि गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केलेला. गळ बोटात घुसलाच आणि काटा आत गेला असेल तर उलटा ओढू नका, दोरी कापा, आहे तसा ठेवून डॉक्टरकडे जा, धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा.

लांब जायची तयारी असेल तर माझं मत तारकर्ली-मालवणला, तेही नोव्हेंबर ते फेब्रुवारी. अवंतिकाने मुंबई, तिथून कोकण रेल्वेने कुडाळ. जोडून तिकिटं काढताना मधे पुरेसा वेळ ठेवा, गाडी लेट झाली की पुढचं सगळं कोसळतं. तिथे न गळ टाकणाऱ्यांनाही मासेमारीची मजा येते, सकाळी किनाऱ्यावर रापण, म्हणजे मोठं जाळं, सगळे मिळून ओढतात ते बघायला मुलं पळत जातात, विचारलं तर दोरीला हातही लावू देतात. खाडीत गरवायला जाणाऱ्याने भरती-ओहोटीची वेळ घरमालकालाच विचारावी, तांबोशी कधी आणि कुठे लागते हे त्याला जेवढं माहीत असतं तेवढं कुठल्याच ॲपला नसतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात मुलांना खाडीकाठी एकटं सोडू नका. आणि होमस्टे घेताना स्वयंपाकघराचं आधी विचारा, आपण पकडलेला मासा करून देतील का, आणि घरात न खाणारं कुणी असेल तर त्यांची भांडी वेगळी मिळतील का. आमच्या आजेसासूबाईंसाठी हे मी फोनवरच विचारून घेते, तिथे पोचून जेवायच्या वेळी विचारलं की सगळ्यांचीच तोंडं होतात.

तीर्थन मार्च ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. मत्स्य विभागाचं लायसन्स काढायचं, कुठल्या पट्ट्यात परवानगी आहे आणि कुठलं आमिष चालतं ते त्याच वेळी विचारून घ्यायचं. बाकी मंडळींना ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कचा रस्ता आणि सफरचंदाच्या बागा आहेत. पण इंदूरहून चंदीगड आणि पुढे डोंगरातला घाटरस्ता, उलटी होणारी मुलं असतील तर चार दिवसांच्या सुट्टीत हा प्रकार करूच नका, किमान आठवडा हवा. विमानाने जात असाल तर गळ, पक्कड, चाकू चेक-इन बॅगेत, आणि रॉड दुमडणारा घ्या, नाहीतर काउंटरवर त्या लांब नळीवरून हुज्जत घालण्यात अर्धा तास जाईल.