सगळ्यांना विणता येईल असा पॅटर्न लिहायचा तर

विणकामात हात बसलाय, चार जणी "हे मला लिहून दे" म्हणून मागे लागल्यात, आणि आता पॅटर्न लिहून विकायचे असं ज्यांनी ठरवलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. टाके घालणं, सुलट-उलट, गेज, मुंढा, गळा हे तुम्हाला येतं असं धरून चालते. मला बोलायचंय ते पुढचं: तुमचा पॅटर्न घेणाऱ्या प्रत्येकीला तो वाचता येईल का, आणि तिच्या अंगाचं माप त्यात सापडेल का.

मी गोव्यात, फोंड्यात राहते. माझ्या डाव्या डोळ्याची नजर लहानपणापासून अधू, उजव्याला जाड भिंग. तेव्हा हे मी कुणावर उपकार म्हणून सांगत नाही. दुसऱ्यांचे पॅटर्न वाचताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत एकाच ओळीवर अडकून बसलेली बाई मी आहे, आणि ती चीड अजून गेलेली नाही.

सगळ्यात आधी कंस. बाकीचं विसरलात तरी एक वेळ चालेल, हे विसरू नका.

पॅटर्न लिहायची जुनी पद्धत अशी की सगळी मापं एकाच ओळीत, पहिलं कंसाबाहेर आणि उरलेली आत. समजा १० सेंटिमीटरला २२ टाके असं गेज आहे. तयार टॉपचा घेर ९० पासून १५० सेंटिमीटरपर्यंत, दहा-दहाने वाढणारी सात मापं. पाठीला निम्मा घेर आणि दोन सुलट दोन उलट अशी किनार, म्हणून टाके चारच्या पटीत अधिक दोन. मग ओळ येते: "९८ (११०, १२२, १३४, १४२, १५४, १६६) टाके घाला." इथवर निभावतं. मुंढ्यापाशी मात्र असं होतं: "पुढच्या दोन ओळींच्या सुरुवातीला ४ (५, ६, ७, ८, ९, १०) टाके बंद करा, मग (१ ओळ सुलट, १ ओळ उलट) ३ (३, ४, ४, ५, ५, ६) वेळा." एकाच वाक्यात एक कंस मापांचा, दुसरा पुन्हा पुन्हा विणायच्या ओळींचा, तिसरा परत मापांचा. चष्मा नसलेल्या बाईलासुद्धा आपलं चौथं माप बोटाने मोजत शोधावं लागतं. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचताना अक्षरं-आकडे लावायची अडचण असेल, तर आकडे एकमेकांत मिसळतात. माझी नजर एकदा ओळीवरून घसरली की परत पहिल्या आकड्यापासून सुरुवात.

आता हीच ओळ कानाने ऐका. डिचोलीची माझी एक मैत्रीण पूर्ण दृष्टिहीन आहे, फोनवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा स्क्रीन रीडर लावून विणते. एका कानात इअरफोन, दुसरा कान घरातल्या हाकांसाठी मोकळा. सुईवरचे टाके अंगठ्याने एकेक पुढे सारत मोजते, दर दहा टाक्यांमागे एक सेफ्टी पिन अडकवलेली. तिच्या फोनने ती ओळ वाचली ती अशी: "अठ्ठ्याण्णव एकशे दहा एकशे बावीस एकशे चौतीस एकशे बेचाळीस..." कंस नाही, थांबणं नाही, कुठला आकडा कुणाचा त्याचा पत्ता नाही. स्क्रीन रीडरने विरामचिन्हं किती वाचायची ते सेटिंगवर ठरतं, आणि नेहमीच्या सेटिंगला कंस बहुतेक वेळा गिळले जातात.

त्याहून घातक आडवी रेघ. लहान मापांना एखादी पायरी लागत नसेल तर तिथे रेघ मारायची पद्धत आहे: "– (–, २, २, ४, ४, ६) टाके वाढवा." पाहणारीला दोन रिकाम्या जागा दिसतात. ऐकणारीला रेघ ऐकूच येत नाही. तिला ऐकू येतं दोन, दोन, चार, चार, सहा. तिचं माप चौथं, म्हणून ती चौथा आकडा धरते आणि चार टाके वाढवते. हवे होते दोन. हे कळतं कधी, तर बाही जोडायला घेतली आणि मुंढ्याला बसेना तेव्हा. मग उसवणं आलं. उसवलेले मोकळे टाके नुसत्या स्पर्शाने परत सुईवर घ्यायला किती वेळ लागतो ते मी शेजारी बसून पाहिलंय. तिने एका शब्दाने तक्रार केली नाही, पण त्या पॅटर्नची पुढची पानं पुन्हा उघडली नाहीत.

यावर उपाय एकच आणि तो कष्टाचा आहे. प्रत्येक माप स्वतंत्र लिहायचं. "माप ४, तयार घेर १२० सेंटिमीटर" असं शीर्षक, आणि त्याखाली पहिल्या टाक्यापासून शेवटच्या शिवणीपर्यंत फक्त त्याच मापाचे आकडे. शीर्षकाला वर्डमधली शीर्षकाचीच स्टाइल द्यायची, नुसतं ठळक अक्षर नको, म्हणजे स्क्रीन रीडरवाल्यांना थेट त्या मापावर उडी मारता येते. लागत नसलेली पायरी त्या मापातून काढूनच टाकायची, "० टाके वाढवा" असंही ठेवायचं नाही. पुन्हा पुन्हा करायचं काम शब्दांत: "ओळ १ आणि ओळ २ मिळून ४ वेळा विणा, एकूण ८ ओळी." सात मापं म्हणजे सात वेळा टायपिंग, असं वाटून धीर सोडू नका. आकडे एक्सेलमध्ये ठेवा, मजकूर एकदाच लिहा, आणि वर्डमधलं मेल मर्ज वापरा, म्हणजे आकडे मजकुरात आपोआप भरले जातात. एकदा साचा बसला की पुढचे पॅटर्न भराभर होतात.

मला शिकवणाऱ्या एक बाई म्हणायच्या, कंसात लिहिलं नाही तर लोक हौशी समजतात. माझं मत स्पष्ट आहे: असं सांगणाऱ्यांकडून वीण शिकावी, लिहिणं शिकू नये. छापील पानावर कंसामुळे जागा वाचते हे खरं. फोनच्या पडद्यावर जागेचा प्रश्नच कुठे येतो? ज्यांना कंसाची सवय आहे त्यांच्यासाठी तीही प्रत सोबत द्या, काही बिघडत नाही. वर्डमधल्या ॲक्सेसिबिलिटी तपासणीवरही विसंबू नका. चित्राला वर्णन नाही हे ती दाखवते, पण तुमचे आकडे ऐकणारीच्या डोक्यात कसे कोसळतात ते तिला कळत नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल कुणी सांगत नाही. छपाईवाल्याकडे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून घेतलेलं मराठी पानावर सुंदर दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते आणि स्क्रीन रीडर तेच बडबडतो. संगणकाला अक्षर मराठी म्हणूनच कळतं ते युनिकोडमध्ये, त्याशिवाय गत्यंतर नाही. युनिकोडमध्ये लिहूनही पीडीएफ केली की वेलांट्या आणि जोडाक्षरं आतून विस्कटू शकतात. तपासायला सोपं आहे: पीडीएफमधली ओळ उचलून फोनवरच्या नोट्समध्ये चिकटवा. तिथे "टाके" ऐवजी भलतंच उमटलं तर वर्डची फाइलही सोबत द्यायची. आणि इंग्रजी संक्षेपांच्या मोहात पडू नका. पेडण्यापासून सत्तरीपर्यंत बाळंतविड्याची टोपडी आणि मोजे विणणाऱ्या बायका सुलट, उलट, जाळी, "दोन टाके एकत्र" याच शब्दांत विणतात. तेच लिहा, पूर्ण लिहा.

मापांबद्दल. "फ्री साइझ" हा शब्द पॅटर्नमध्ये नकोच. माप वाढवणं म्हणजे सगळे टाके एकाच पटीने वाढवणं नव्हे. छातीचा घेर वाढतो तितक्या प्रमाणात खांदा रुंदावत नाही, तो थोडाच वाढतो. दंडाचा घेर मात्र चांगला वाढतो. सरसकट गुणाकार केला तर मोठ्या मापाच्या टॉपचा खांदा दंडावर लोंबतो. हे गणित किचकट आहे, त्यात वेळ जातो, आणि म्हणूनच पुष्कळ जण १०० सेंटिमीटरला थांबतात आणि मोठ्या मापांना मागणी नसते म्हणतात. माप नसलं तर ती बाई विकत घेणारच नाही, मग मागणी दिसणार कुठून? अंगाचं माप आणि तयार कपड्याचं माप वेगवेगळं लिहा, सेंटिमीटर आणि इंच दोन्हींत, कारण घरोघरी टेप इंचाचीच वाचतात. सैलपणा किती धरलाय तेही सांगा. आपल्या दमट हवेत कॉटनचा टॉप अंगाला घट्ट बसलेला बऱ्याच जणींना नको असतो, पण ते तिचं तिला ठरवू द्या.

सुयांचा नंबर लिहून थांबू नका, मिलिमीटर लिहा. आपल्याकडे जुन्या ब्रिटिश नंबरांची सवय आहे, त्यात ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची. अमेरिकन ८ नंबर ५ मिलिमीटरचा. शिवाय ब्रिटिश नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन नंबर वाढला की जाड. क्रोशे लिहीत असाल तर अमेरिकन सिंगल क्रोशे टाका म्हणजे ब्रिटिश डबल, तेव्हा कुठली पद्धत ते पहिल्याच पानावर सांगा. लोकर किंवा सूत किती लागेल ते गोळ्यांत न सांगता मीटरमध्ये सांगा. परदेशी मेरिनो लोकरीवर बेतलेला पॅटर्न म्हापशाच्या बाजारातल्या सुतावरही विणून पाहा आणि त्याचंही गेज लिहा. पैसा हीसुद्धा अडचणच आहे.

विणीचा चौकोनांचा तक्ता दिलात तर लेखी ओळीही द्या, दोन्ही. तक्त्यात लाल-हिरव्या चौकोनांवर भिस्त ठेवू नका, प्रत्येक विणीला चिन्ह वेगळं असू द्या. घरच्या प्रिंटरवर काळ्या-पांढऱ्यात छापून पाहिलं की लगेच कळतं. फिकट राखाडी अक्षरं बंद. वेबवरच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ असावा असा दंडक आहे, तोच धरा. सांधे दुखणाऱ्यांना तीन टाके एकत्र विणणं जड जातं, तिथे दुसरा पर्याय सुचवा, आणि गोल सुयांवर विणता येईल का तेही लिहा, कारण कामाचं वजन मांडीवर राहतं. "उजवा भाग" म्हणताना अंगात घातल्यावर उजवा की समोरून पाहताना उजवा, ते स्पष्ट करा.

एवढं सगळं वाचून छाती दडपली असेल तर एक टोपडं घ्या, तीन मापं, आणि तेवढंच नीट लिहा. कुणाचाच पहिला पॅटर्न परिपूर्ण नसतो, तो दुरुस्त करून पुन्हा पाठवता येतो. खरेदी केलेल्यांना सुधारलेली फाइल फुकट द्या.

तपासणाऱ्या मात्र वेगवेगळ्या हव्यात. सगळ्या तुमच्याच मापाच्या, तुमच्याच नजरेच्या असतील तर तपासणी झालीच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार मोजलेत. अंधत्व वेगळं, अल्पदृष्टी वेगळी, डिस्लेक्सियासारखी वाचनाची अडचण आणखी वेगळी. एकीला विचारून तिघींचं उत्तर मिळत नाही. २०२३ च्या जानेवारीत पणजीत पहिला पर्पल फेस्ट भरला, दिव्यांगांचा एवढा मोठा मेळावा आपल्याच राज्यात झाला. तेव्हा "तपासायला अशा बायका आणायच्या कुठून" ही सबब मला पटत नाही. आणि तपासणीचे पैसे द्या. एक पॅटर्न फुकट देऊन आठवडाभराचं काम करून घेणं मला बरोबर वाटत नाही.

पॅटर्नच्या पहिल्या पानावर एवढं लिहा: ही फाइल कुठकुठल्या रूपात मिळेल, आणि वेगळ्या रूपात हवी असल्यास कळवा. मागणी आली की ती पुरी करा. काणकोणच्या एका काकींना वाचणंच नको होतं, त्यांना ऐकायचं होतं. मी फोनवर त्यांच्या मापाचा पॅटर्न वाचून रेकॉर्ड केला, प्रत्येक भागाची वेगळी फाइल. आता सगळ्याच पॅटर्नसोबत ते देते. आधी ओळीचा आकडा, मग थोडं थांबून विणीचं वाक्य, ओळ संपली की एकूण टाके किती झाले ते. पंख्याखाली बसून करू नका, आवाजात घरघर येते.