धन की ऋण? टाइम झोनचं डॉक्युमेंटेशन लिहिताना या चुका टाळा

वाळवा तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्राच्या सचिवांचा फोन आला. "अवो, आज सकाळचं दूध कालच्या संध्याकाळच्या पाळीत कसं काय गेलं?" सकाळी ६:३० ला घातलेलं दूध आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आदल्या दिवशी संध्याकाळी ७:३० ला दिसत होतं. लिटर बरोबर, फॅट बरोबर, वेळही दूध घालायचीच, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. ११ तारखेच्या सकाळचं दूध १० तारखेपर्यंतच्या बिलात घुसलं तेव्हा बोंब झाली.

चूक माझी होती. इन्स्टॉलेशनच्या कागदावर मी लिहिलं होतं, 'टाइम झोन ऑफसेट +५:३० ठेवा.' ऑफसेट म्हणजे यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) आणि स्थानिक वेळ यांतला फरक. नव्या पोराने लिनक्स सर्व्हरच्या टीझेड व्हेरिएबलमध्ये, म्हणजे टाइम झोन ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, इमानदारीत 'आयएसटी+५:३०' टाकलं. पण तिथे पॉझिक्सचा (युनिक्स-लिनक्ससारख्या सिस्टिम्सच्या मानकाचा) नियम चालतो, आणि पॉझिक्समध्ये धन म्हणजे ग्रिनिचच्या पश्चिमेला. न्यूयॉर्कचं 'ईएसटी५' तिथे चिन्हाशिवाय भागतं. भारताला 'आयएसटी-५:३०' लिहावं लागतं. तारीख-वेळ लिहायच्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात हेच उलट: भारत +०५:३०.

घड्याळ ११ तास चुकलं असेल तर आधी चिन्ह तपासा, कारण ५:३० ची दुप्पट ११. फरक नेमका ५:३० चा असेल तर रूपांतर राहिलंय किंवा दोनदा झालंय. एवढी एक ओळ कागदावर असती तरी माझे दोन दिवस वाचले असते.

म्हणून नुसतं 'ऑफसेट' लिहून सोडू नका. कशातून काय वजा केलं ते लिहा. जावास्क्रिप्टचं गेटटाइमझोनऑफसेट भारतात -३३० देतं. लोक त्याला बग म्हणतात, पण ते यूटीसीतून स्थानिक वेळ वजा करतं, तीही मिनिटांत. पायथॉनचं टाइम.टाइमझोन त्याच दिशेने, पण सेकंदांत: -१९८००. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये तर एकाच क्वेरीत दोन्ही रीती भेटतात. टाइमस्टँपला (तारीख-वेळेच्या नोंदीला) चिकटलेलं +०५:३० आयएसओचं, आणि 'ॲट टाइम झोन'नंतर अवतरणात दिलेलं तेच +०५:३० पॉझिक्सचं.

'ईटीसी/जीएमटी-५' या टाइम झोनच्या नावाला तर मी हातच लावत नाही. ते यूटीसीच्या ५ तास पुढे आहे, वर तिथे अर्ध्या तासाची सोयच नाही. सरळ 'एशिया/कोलकाता' लिहा, चिन्हाचा प्रश्नच येत नाही. नुसतं 'आयएसटी' मात्र नको, इस्रायलही तेच वापरतं.

'मागे-पुढे' हे शब्दही जपून वापरा. 'वेळ ५:३० तास मागे करा' असं वाचून एकाने डेटाबेस बदलला, दुसऱ्याने स्क्रीन. कुणाचं घड्याळ कुणाच्या पुढे, ते वाक्यातच यायला हवं.

आणि उदाहरण द्याल ते दुपारचं देऊ नका. दुपारी १२ ला भारतात जी तारीख, तीच यूटीसीतही. चिन्ह उलटलं तरी पहाटे १ वाजले असं दिसतं, तारीख तीच राहते आणि वाचणारा पुढे सरकतो. पहाटेचं उदाहरण घ्या, तारखेसकट. आमच्या कागदावर आता असं आहे:

स्थानिक वेळ = यूटीसी + ऑफसेट. पूर्वेला धन. भारत: +०५:३०.
११ मार्च, पहाटे ४:०० (भारत) = १० मार्च, रात्री १०:३० (यूटीसी).
लिनक्सच्या टीझेडमध्ये: एशिया/कोलकाता. आकडा टाकू नये.

शेवटची ओळ त्या पोरानेच लाल पेनाने अधोरेखित केली आहे.