इलिओस्टोमीनंतर पुन्हा ट्रेकला: निघण्याआधीची तयारी

पाणी भरपूर प्या, हे सगळेच सांगतात. मिठाचं कुणी बोलत नाही. लहान आतड्याचं टोक पोटावर आणलेल्या माणसाने, म्हणजे इलिओस्टोमी असलेल्याने, डोंगर चढताना नुसतं पाणी पीत राहणं धोक्याचं आहे. मला ते अर्ध्या वाटेवरून दोघांच्या आधाराने उतरताना कळलं. दोन्ही बाटल्या संपवल्या होत्या, तरी पोटऱ्यांत गोळे येत होते. ही यादी त्यानंतर केलेली आहे. तिच्यात ओआरएस, म्हणजे प्रमाणात कालवलेलं मीठ-साखरेचं पाणी, पुन्हा पुन्हा येईल. कंटाळा आला तरी वाचा.

आधी तारीख. सर्जनने हो म्हटल्याशिवाय काहीही ठरवू नका. ऑपरेशननंतर साधारण ६ ते ८ आठवडे जड उचलू नका असं सांगतात, काही सर्जन ३ महिने सांगतात. आतडं बाहेर आणायला पोटाच्या स्नायूंतून वाट केलेली असते. ती जागा कच्चीच राहते आणि जोर पडला की तिथे हर्निया होऊ शकतो. पाठीवर सॅक घेणं म्हणजे जड उचलणंच. "मी कुठे वजन उचलतेय, नुसती चालतेय," असं स्वतःला समजावू नका. आधी सपाटीवर चालणं, मग रिकाम्या पाठीने चढ, मग थोडं थोडं वजन, ह्याच क्रमाने. पोटाचे व्यायाम फिजिओला किंवा स्टोमाची, म्हणजे पोटावर आणलेल्या आतड्याच्या तोंडाची, देखभाल शिकवणाऱ्या स्टोमा नर्सला विचारूनच करा. सपोर्ट बेल्ट घेणार असाल तर माप नर्सकडून घ्या, कारण बेल्ट भलत्या जागी आवळला गेला तर स्टोमावर लावलेली मलाची बॅग खाली भरतच नाही, मल वरच अडकतो आणि फ्लँज, म्हणजे बॅग त्वचेला धरून ठेवणारी चिकट चकती, सुटतो. स्टोमाच्या बाजूला फुगवटा दिसला तर ट्रेक रद्द, आधी सर्जन.

मग माणूस शोधा. बॅग लावून तुमचाच छंद करणारा, किंवा त्याच्या जवळपासचं काही करणारा माणूस. स्टोमा क्लिनिकमध्ये विचारलं, ऑस्टोमीवाल्यांच्या, म्हणजे पोटावर अशी वाट काढलेल्यांच्या, एखाद्या संस्थेत विचारलं, तर बहुतेक वेळा असं कुणीतरी भेटतं. त्याला प्रश्न विचारायला लाजू नका, त्याने ते सगळे स्वतःला विचारलेले असतात. स्टोमाच्या शास्त्रशुद्ध देखभालीची सुरुवातच एका पेशंटपासून झाली आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रुपर्ट टर्नबुल यांनी नॉर्मा गिल यांची इलिओस्टोमी केली आणि १९५८ मध्ये इतर पेशंटना शिकवायला त्यांनाच कामावर घेतलं. आजच्या स्टोमा नर्स त्याच परंपरेतल्या.

पण एक गोष्ट नीट बघा: त्या माणसाची ऑस्टोमी कुठली आहे. मी ज्यांना विचारलं त्यांची कोलोस्टोमी होती, म्हणजे मोठ्या आतड्याचं टोक पोटावर आणलेलं. अनुभवी, प्रेमळ माणूस, अनेक डोंगर चढलेले. त्यांनी सांगितलं, पाणी कमी पडू देऊ नकोस. त्यांच्यासाठी ते अगदी बरोबर होतं, कारण त्यांचं मोठं आतडं बरंचसं जागेवर होतं. माझं नव्हतं. लहान आतड्यातून येणाऱ्या द्रवातलं रोज लिटरभराहून जास्त पाणी आणि त्यासोबतचं बरंचसं सोडियम मोठं आतडं परत शोषून घेतं. इलिओस्टोमीत ते वाटेत नसतं, म्हणून मीठ आणि पाणी दोन्ही थेट बॅगेत जातात. वर घामातूनही मीठ जातं. अशा वेळी साधं पाणी ढसाढसा प्यायलं तर आतड्यात उलट शरीरातलंच सोडियम ओढलं जातं, बॅग पातळ मलाने भराभर भरते आणि तहान काही भागत नाही. तहान लागली म्हणून आणखी पाणी, त्याने आणखी पातळ, असं ते चक्र चालू राहतं. तेव्हा इलिओस्टोमीवाल्याने इलिओस्टोमीवाल्यालाच विचारावं. कोलोस्टोमीवाल्याकडून हिंमत जरूर घ्या, बॅगेच्या खटपटी शिका, पाण्याचा हिशेब मात्र घेऊ नका. औषधांचा सल्ला तर दोघांकडूनही नको, तो डॉक्टरांचाच.

तर, ओआरएस. साखर आणि मीठ आतड्यातून जोडीने आत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जातं, म्हणून दोन्हींचं प्रमाण महत्त्वाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात लिटरमागे १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं, शिवाय पोटॅशियम आणि सायट्रेट. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घाला. लिटरचं पाकीट अर्ध्या बाटलीत ओतून "स्ट्राँग" करू नका, आणि चवीसाठी पातळही करू नका. पाकीट संपलंच तर लिटरभर पाण्यात साखरेचे ६ सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट छोटा चमचा. शीतपेयं, फळांचे गोड रस, एनर्जी ड्रिंक हे ओआरएस नव्हे. त्यात साखर फार आणि मीठ थोडं असतं, त्याने बॅग जास्तच पातळ होते. कालवलेलं ओआरएस २४ तासांत संपवा, उरलं तर फेका. चव आवडत नसेल तर गार करून प्या, पण ती सवय घरीच करा, डोंगरावर पहिला घोट नको. निघायच्या आधी एक ग्लास, मग वाटेत घोट घोट, तहानेची वाट न बघता. रक्तदाब, हृदय, मूत्रपिंड किंवा मधुमेहाचा त्रास असेल तर किती घ्यायचं ते आधी डॉक्टरांना विचारा. हे विचारणं टाळू नका, कारण ऐन चढावर फोन लागेलच असं नाही.

लघवी कमी आणि गडद होणं, तोंड कोरडं पडणं, उभं राहिल्यावर अंधारी येणं, पोटऱ्यांत गोळे येणं, ही मीठ-पाणी कमी पडल्याची लक्षणं आहेत. त्यातलं एकही दिसलं की थांबायचं, सावलीत बसायचं, ओआरएस घ्यायचं. "पुढच्या टप्प्यावर बघू," असं म्हणू नका, मी तेच म्हटलं होतं. आणि आदल्या दिवसापासूनच बॅग नेहमीपेक्षा पातळ आणि भराभर भरत असेल तर निघूच नका. एरवी इलिओस्टोमीतून दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर येतं. दीड लिटरच्या पुढे जाऊन पाण्यासारखं येत असेल तर तो डॉक्टरांना फोन करायचा दिवस आहे, ट्रेकचा नाही.

सॅकची रंगीत तालीम घरात करा. भरलेली सॅक पाठीवर, कमरेचा पट्टा आवळलेला, बॅग थोडी भरलेली, आणि मग जिना चढा, वाका, खाली बसा, बुटाची नाडी बांधा. कमरेचा पट्टा बरेचदा नेमका स्टोमावर येतो. मग पट्टा वर-खाली करा, ढिला ठेवा, किंवा दुसरी सॅक शोधा. आतड्याच्या त्या तोंडाला वेदना कळत नाही. घासलं, कापलं तरी दुखणार नाही, म्हणून दर विश्रांतीला डोळ्यांनी बघायचं. पुसताना रक्ताचा एखादा ठिपका दिसला तर घाबरू नका. रंग मात्र लाल-गुलाबीच हवा. जांभळा किंवा काळा पडला तर हॉस्पिटल.

फ्लँज घरून कापून न्या, जास्तीचे कापून न्या. पहिल्या दोनेक महिन्यांत स्टोमा आकसतो, त्यामुळे जुन्या मापाने कापू नका, नव्याने मोजा. सामान लागेल त्याच्या दुप्पट घ्या आणि एक पूर्ण संच सोबतच्या माणसाच्या सॅकमध्ये ठेवा. त्याच संचात ओआरएसची पाकिटं ठेवा. तुमची सॅक हरवली, भिजली, तरी ती हाताशी राहतील. उन्हात उभ्या गाडीत बॅगा ठेवू नका, चिकट थर खराब होतो. फ्लँज आदल्या दिवशी बदला, किंवा निघायच्या सकाळी काही खायच्या आधी, तेव्हा स्टोमा शांत असतो. लावल्यावर तळहाताने दाबून ऊब द्या आणि धरायला तासभर वेळ द्या. आजूबाजूला तेलकट क्रीम, सनस्क्रीन नको. चिकटणाऱ्या बॅगेची कल्पना एलिस सोरेनसन या डॅनिश नर्सला १९५४ मध्ये सुचली. तिची बहीण थोरा ऑपरेशननंतर गळतीच्या भीतीने लोकांत जाणं टाळत होती. बाहेर पडायची भीती तुम्हाला एकट्यालाच वाटते असं समजू नका.

बॅग एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, अर्ध्यापर्यंत थांबायचं नाही, वजनाने ती ओढली जाते. संडास नसेल तिथे ओढ्या-तळ्यापासून निदान ६० मीटर लांब, १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा करून माती लोटा. वापरलेल्या बॅगा मात्र पुरू नका, दुहेरी पिशवीत घालून परत आणा. उकिडवं बसून रिकामी करायचा सराव घरी झालेला असू दे.

खाण्याबद्दल थोडक्यात. उपाशी निघू नका, रिकाम्या पोटी वायू वाढतो. चावून खा. नवा पदार्थ त्या दिवशी नको.

सोबतच्या निदान एकाला सगळं सांगा. ऑस्टोमी म्हणजे काय एवढंच नाही, काय करायचं तेही सांगा: ही थकून गळून गेली, असंबद्ध बडबडायला लागली, हातपाय वळायला लागले तर साधं पाणी नाही, ओआरएस द्यायचं. त्याच्याकडून एकदा म्हणवून घ्या. आपली सवय अशी की चक्कर आली की माणसं पाण्याची बाटली तोंडाला लावतात. आणि ४ ते ६ तास बॅगेत काहीच आलं नाही, पोटात कळा येतायत, उलटी होतेय, तर तो अडथळा असू शकतो. तेव्हा खाणं बंद आणि सरळ हॉस्पिटल, रेचक अजिबात नाही.

बाकीचे छंद भरभर सांगते. पोहायला जाताना बॅग आधी रिकामी करा, बॅगेतला वायू बाहेर सोडणाऱ्या फिल्टरवर चिकटपट्टी लावा, भिजला की तो काम करत नाही. पोहताना घाम कळत नाही, पण मीठ जातंच. सायकलवर वाकून बसल्यावर बॅग दुमडते का ते आधी घरी बघा. अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात स्टोमा गार्ड, म्हणजे स्टोमावरचं कडक झाकण, लावा, आधी सर्जनला विचारा. सॅन डिएगो चार्जर्सचे किकर रॉल्फ बेनिर्शके १९७९ च्या ऑपरेशननंतर १९८० मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर परत आले होते, तेव्हा खेळ कायमचा सुटला असं आधीच ठरवू नका. युरोस्टोमी, म्हणजे लघवीची वाट पोटावर काढलेली, असेल तर बॅगेचा नळ नीट बंद आहे ना ते बघा. विमानात सगळं सामान हातातल्या बॅगेत ठेवा, फ्लँज कापलेलेच, कात्री अडवतात.

टोपी, टॉर्च, शिट्टी, तुम्हाला माहीत आहेच.

उतरल्यावर स्टोमा बघा, फ्लँजची कड उचलली असेल तर बदला, लघवीचा रंग बघा. ओआरएस रात्रीपर्यंत चालू ठेवा, उतरल्यावरही बॅग काही तास पातळच राहते. ज्यांना विचारून गेलात त्यांना काय जमलं, काय नाही ते सांगा, ते पुढच्याला सांगतील. आणि संपलेल्या पाकिटांच्या जागी नवी त्याच रात्री सॅकमध्ये भरून ठेवा.