गावबैठकीला निघण्याआधी

गुरुवारी आमच्याकडची दोन नवी पोरं एका गावात पाण्याच्या ताळेबंदाची, म्हणजे गावात पाणी किती येतं आणि किती लागतं याच्या हिशेबाची, बैठक घ्यायला निघाली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहायला घेतलं. असल्या बैठका घेणारे इतरही पुष्कळ आहेत, म्हणून इथे टाकतोय. वही, पेन, पाण्याची बाटली, सरपंचांना आदल्या दिवशी फोन, हे सांगत बसत नाही. जे माझ्याकडून राहिलं ते आधी सांगतो.

तीन वर्षांपूर्वी माणदेशातल्या एका गावात आम्ही झकास बैठक घेतली. समाजमंदिरापुढच्या सारवलेल्या अंगणात बायांनी रांगोळीनं गावाचा नकाशा काढला. ओढा निळ्या रंगात, चालू विहिरींवर हिरवा पाला, कोरड्या पडलेल्या बोअरवर खडे. साठेक माणसं, तीन तास, मधून कुणी उठून गेलं नाही. शेवटी आम्ही तो नकाशा मोठ्या ड्रॉइंग पेपरवर उतरवला, खाली लोकांनी ठरवलेली पाच कामं लिहिली, गुंडाळी केली, रबर लावलं आणि गाडीत टाकून पुण्याला आलो. दीड महिन्यानं परत गेलो. कामांचं कुठवर आलं, असं विचारल्यावर पारावरचे एक आजोबा म्हणाले, "कागद तुम्ही नेला. आम्हाला वाटलं, कामं पण तुमचीच." पाचातलं एकही हललं नव्हतं. रांगोळी तर दुसऱ्या दिवशीच शेरडांनी तुडवली होती. कुठली पाच कामं ठरली होती, यावरही गावात आता तीन मतं होती, आणि खरं काय ते सांगणारा कागद आमच्या कपाटावर धूळ खात होता.

तर यादीतली पहिली वस्तू: ड्रॉइंग पेपर, दोन. मूळ कागद गावाचा, नक्कल आपली. याच्या उलट करायचं नाही. "आम्ही झेरॉक्स काढून पाठवतो" असं म्हणायचं नाही, कारण ती कधी जात नाही.

आता बाकीचं.

बैठकीच्या आधी गावात किमान दोन चकरा हव्यात. पहिली नुसती शिवारफेरी, हातात काही न घेता. दुसरी वस्त्यांवर. ग्रामपंचायतीसमोरची आळी म्हणजे गाव नव्हे. मळ्यातली घरं, बौद्धवस्ती, मातंगवस्ती, ओढ्यापलीकडची धनगरांची घरं, सगळीकडे स्वतः जाऊन बोलावणं करायचं. दवंडी आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर विसंबू नका. ग्रुपवर ज्यांचे नंबर आहेत त्यांना तसंही सगळं आधी कळतं.

जागा ठरवताना एकच विचारा: इथं बसायला कुणाला अवघड वाटेल? देवळात काहींना वाटतं, पुढाऱ्याच्या ओट्यावर निम्म्या गावाला वाटतं. शाळेचं पटांगण किंवा अंगणवाडी त्यातल्या त्यात बरी. खुर्च्या आणू नका. चार खुर्च्या आल्या की चार माणसं वर आणि गाव खाली, मग ती चौघंच बोलतात. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी बाक असू द्या. सरपंचसुद्धा सतरंजीवर. आधी सांगून ठेवलं तर बहुतेक जण ऐकतात, ऐनवेळी सांगितलं तर अपमान होतो.

वेळ बायांना विचारून ठरवा. संध्याकाळी दूध घालायची वेळ, मग स्वयंपाक. दुपारी खुरपणी. बाजाराचा दिवस टाळा. शेतीच्या लाइटची पाळी रात्रीची असेल तर दुसऱ्या दिवशी पुरुषमाणसं डुलक्या घेतात, त्यांचं काही चूक नाही. आणि बायांची बैठक वेगळी, आधी घ्या. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे ती उगाच नाही. मिश्र बैठकीत बाया बोलत नाहीत असं नव्हे, पण तिथं त्या घरच्यांना पटेल तेवढंच बोलतात.

चिंचोके न्या. मूठभर नाही, शेरभर. प्रत्येक गटाला दहा द्यायचे आणि पर्यायांपुढे वाटायला सांगायचं: शेततळं, ओढ्याचं खोलीकरण, वस्तीवरचा हातपंप, जे काय असेल ते. माणदेशातल्या त्याच गावात पुरुषांच्या गटानं दहापैकी सहा शेततळ्याला दिले. बायांनी हातपंपाला सात. मग दोन्ही गट एकत्र आल्यावर एका थोराड आजीनं, कुणी बघत नाहीसं पाहून, शेततळ्यापुढचे दोन चिंचोके बोटानं हातपंपाकडे सरकवले. तिच्या सुनेनं पाहिलं आणि हसली. आम्ही लगेच विचारलं, आजी, का? मग पंधरा मिनिटं ती एकटी बोलली: उन्हाळ्यात टँकर वस्तीच्या अलीकडेच थांबतो, तिथून हंडे कोण आणतं, किती खेपा. तीन तासांतलं सगळ्यात कामाचं ते तेवढंच. हात वर करून मत घेतलं असतं तर तिचा हात वर झाला नसता. आता हे सगळं कुठं लिहिलं होतं? त्याच कागदावर. आणि कागद कुठं होता? असो.

प्रश्न आधी पक्का करा आणि तो गावाच्या भाषेत असू द्या. "गावाचा विकास कसा करायचा" असं विचारलं की रस्ते, हायमास्ट आणि मंदिराचा सभामंडप अशी यादी येते. "होळीनंतर कुणाच्या विहिरीला पाणी असतं?" असं विचारलं की माणसं एकमेकांकडे बघायला लागतात, तिथून खरी बैठक सुरू होते. आकडेही आधी घरी बसून सोपे करून न्या. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 10,000 लिटर पाणी होतं, म्हणजे एक मोठा टँकर. उसाला वर्षाकाठी दीड ते दोन हजार मिलिमीटर पाणी लागतं. एकराला किती टँकर होतात ते लोकांनाच करू द्या. 600 ते 800 येतात. हे गणित तुम्ही फळ्यावर करून दाखवलंत तर भाषण होतं. गावातल्या दहावीच्या पोरीनं खडूनं जमिनीवर केलं की पाच मिनिटं कुणी बोलत नाही. पोपटराव पवारांच्या हिवरे बाजारात दरवर्षी पाऊस मोजून ग्रामसभेत ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिकं ठरवतात, हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं. ते उदाहरण पहिल्या तासात काढू नका. "ते पोपटराव आहेत हो, आमच्याकडे कुठं" एवढं उत्तर येतं आणि विषय मिटतो.

काय आपल्या हातात नाही तेही सुरुवातीलाच सांगून टाका. निधी आणलेला नाही, योजना मंजूर करून द्यायला आलेलो नाही. थोडी माणसं उठून जातील, जाऊ द्या.

साठ माणसांत गप्पा होत नाहीत. पाच-सहा जणांचे गट करा. परदेशात वर्ल्ड कॅफे नावाची पद्धत आहे, 1995 साली कॅलिफोर्नियात हुआनिता ब्राउन आणि डेव्हिड आयझॅक्स यांच्या घरी सुरू झालेली. चार-चार जण टेबलाभोवती, वीसेक मिनिटांनी उठून दुसऱ्या टेबलावर जायचं, एकानं जागेवर थांबून नव्या मंडळींना आधीचं सांगायचं. आपल्याकडे टेबलं नकोत, सतरंज्या चालतात. पण त्यातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली: तिथं लोक टेबलावर अंथरलेल्या कागदावरच लिहितात आणि माणसं हलली तरी तो कागद जागचा हलत नाही. पुढचे येतात ते आधीच्यांनी लिहिलेलं वाचून बोलतात. कागद जागेवर! मी ही पद्धत दोनदा शिबिरात शिकलो होतो. पीआरए, म्हणजे लोकांनीच नकाशे काढून आपल्या गावाचा अभ्यास करायची पद्धत, तिच्या प्रशिक्षणात तर ती रुजवणाऱ्या रॉबर्ट चेंबर्सचं वाक्य पाठ झालेलं, काठी लोकांच्या हातात द्या, म्हणजे नकाशा दाखवायची काठी. आम्ही काठी दिली आणि कागद काढून घेतला.

ठरवण्याची घाई करू नका. गडचिरोलीतल्या मेंढा लेखा या गावात अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात फक्त समजून घ्यायचं, बाहेरचे जाणकारही येऊन बसतात. निर्णय मात्र ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीनं. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या वेळेला. 2009 मध्ये 1,800 हेक्टरच्या आसपास जंगलावर त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे अशी कैक वर्षांची बोलणी आहेत. आपण एका दुपारी पाच कामं ठरवून मोकळे होतो आणि त्याला लोकसहभाग म्हणतो.

कायद्याचं थोडक्यात. तुमच्या बैठकीतल्या निर्णयाला कायद्यात किंमत नाही. तो ग्रामसभेत जायला हवा, आणि त्यासाठी विषय आधी लेखी देऊन विषयपत्रिकेत घ्यायला लावा. "आयत्या वेळचे विषय" म्हणून ढकलला तर तिथवर निम्मी सभा उठलेली असते. गणपूर्तीला, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीला, 15 टक्के मतदार किंवा 100, यात जे कमी असेल ते लागतं. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला मात्र पुन्हा गणपूर्ती लागत नाही. ही पळवाट वापरून ठराव कसे होतात ते तुम्हाला ठाऊक आहे. आपण त्या वाटेनं जायचं नाही. ठराव लिहिताना आकडे आणि जागा कुठून बघणार? गावात ठेवलेल्या कागदावरून. ठेवला असेल तर.

लिहिणारा माणूस गावातला हवा. बचत गटाचा हिशेब ठेवणारी एखादी ताई असतेच, अक्षर चांगलं असतं आणि सगळे तिचं ऐकतात. लोक बोलले तसं लिहायचं. "सिंचन क्षमतेचा अभाव" नाही, "पाणी पुरत नाही" असं.

हजेरीपत्रक सुरुवातीला फिरवू नका, सही-अंगठा म्हटलं की कर्जाची शंका येते. शेवटी फिरवा. फोटो विचारून. चहा मधल्या वेळेत, आधी नाही. माइक नको.

शेवटच्या वीस मिनिटांत: काम, कोण करणार त्याचं नाव, तारीख. "गावकरी करतील" असं लिहू नका. पुढच्या बैठकीची तारीख तिथंच. सगळं मोठ्यानं वाचून दाखवायचं, वाचणार तीच ताई.

मग कागद लावायचा. ग्रामपंचायतीच्या आत नाही, ते ऑफिस बंद असतं. दूध डेअरीची भिंत, रेशन दुकान, शाळेचा व्हरांडा, जिथं रोज माणसं येतात तिथं. पाऊस लागणार नाही असं बघा. सेलोटेप दोन दिवसांत सुटते, चिकटपट्टी रुंद न्या किंवा पुठ्ठ्यावर लावून खिळा मारा. त्या जागेची किल्ली कुणाकडे, कागद फाटला तर कोण दुरुस्त करणार, तेही विचारून घ्या. नक्कल आपण जमिनीवर बसून उतरवायची, उशीर झाला तरी. मोबाइलमध्ये फोटो काढला म्हणजे झालं, असं मला फोनवर सांगू नका.

निघताना गाडीत बघा. स्केचपेनं आपली, ती न्या. उरलेले चिंचोके पोरांना द्या. गुंडाळी एकच असेल आणि ती गाडीत असेल, तर उतरा.