पोलीस चॅप्लेन असाल तर घरच्यांना मृत्यूची बातमी कशी द्यायची

पोलीस चॅप्लेन हा शब्द पहिल्यांदा ऐकणारा माणूस हसतोच, कारण त्याच्या डोळ्यासमोर काठी फिरवणारा चार्ली चॅप्लिन येतो. तर तो नव्हे. चॅप्लेन म्हणजे पोलिसांबरोबर काम करणारा धर्मसेवक. पाद्री असेल, ज्यूंचा धर्मगुरू रब्बी असेल, इमाम असेल, काही ठिकाणी तर कुठलाच धर्म न मानणारा पण हे काम शिकून घेतलेला माणूसही असतो. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत ही पद्धत चांगली रुळलेली आहे आणि बरेचजण हे काम बिनपगारी करतात. शब्दाचा उगम पण मजेशीर आहे, चौथ्या शतकातल्या संत मार्टिननी थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला झगा अर्धा कापून दिला अशी कथा आहे, पुढे त्या झग्याची राखण करणाऱ्यांना लॅटिनमध्ये कॅपेलानी म्हणायला लागले आणि तिथून हा शब्द आला.

चॅप्लेनची कामं खूप असतात, पोलिसांची लग्नं लावण्यापासून अंत्यविधीपर्यंत, पण सगळ्यात अवघड काम एकच, रात्री अपरात्री कुणाच्या तरी दारात उभं राहून तुमचा माणूस गेला हे सांगणं. हे चुकलं तर घरच्यांना ते वाक्य आयुष्यभर आठवत राहतं, अक्षरशः शब्दन् शब्द. म्हणून नवीन लोकांसाठी नीट लिहून ठेवतोय.

निघण्याआधी: कागद आणि पेन

फोन आला की लगेच गाडीत बसायचं नाही. आधी तपास अधिकाऱ्याकडून माहिती घ्या आणि ती कागदावर लिहा, डोक्यात ठेवू नका, कारण दारात गेल्यावर डोकं रिकामं होतं हा सगळ्यांचा अनुभव आहे. गेलेल्या माणसाचं पूर्ण नाव, ज्यांना सांगायचंय त्यांचं नाव आणि नातं, काय झालं, कुठे झालं, कधी झालं, मृतदेह आत्ता कुठे आहे, पुढची चौकशी कुणाकडे करायची आणि त्याचा नंबर. घरात लहान मुलं आहेत का, कुणाला हार्टचा त्रास आहे का, घरी भाषा कुठली बोलतात, हे कळलं तर तेही. दुभाषा लागणार असेल तर तो बरोबर न्या, घरातल्या दहा वर्षांच्या पोराला दुभाषा करून त्याच्याच तोंडून त्याच्या आईला ही बातमी सांगायला लावणं याच्याइतकं वाईट काही नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओळख कुणी पटवली आणि कशावरून पटवली हे विचाराच. अधिकारी वैतागला तरी विचारा. 2006 साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात टेलर युनिव्हर्सिटीच्या व्हॅनला ट्रकने धडक दिली, पाचजण गेले, आणि त्या गोंधळात दोन मुलींची अदलाबदल झाली. एका घराने आपली मुलगी गेली म्हणून अंत्यविधी केला, दुसरं घर हॉस्पिटलमध्ये आपली मुलगी समजून दुसऱ्याच मुलीच्या उशाशी बसून राहिलं, आणि तब्बल पाच आठवड्यांनी, ती मुलगी शुद्धीवर येत गेली तेव्हा खरं काय ते कळलं. दोन्ही मुलींची शरीरयष्टी आणि केस सारखेच होते एवढंच. तेव्हा पर्समध्ये कार्ड सापडलं म्हणजे ओळख पटली असं धरून चालू नका.

दोघांनी जायचं, फोनवर नाही

एकट्याने कधीच जाऊ नका. एक युनिफॉर्ममधला पोलीस आणि एक चॅप्लेन ही जोडी चांगली. अधिकृत बातमी पोलीस सांगतो, किंवा तुम्ही सांगता, पण ते गाडीतच ठरवून टाका. दारात उभं राहून तू बोल तू बोल असं एकमेकांकडे बघितलं तर समोरच्याला सगळं कळतं, तेही सगळ्यात वाईट पद्धतीने. जमलं तर दोन गाड्या न्या, म्हणजे पोलिसाला दुसरा कॉल आला तरी तुम्हाला तिथे थांबता येतं. मोबाईल सायलेंट, रेडिओ बारीक. मयताच्या वस्तू, कपडे वगैरे त्या वेळी बरोबर नेऊ नका.

नातेवाईक दुसऱ्या गावात असतील तर तिथल्या पोलिसांना किंवा चॅप्लेनला कळवून माणूस प्रत्यक्ष पाठवायचा, फोन हा अगदीच शेवटचा उपाय. मात्र वेळ फार काढू नका, कारण आता अपघाताचा फोटो अर्ध्या तासात सगळ्यांच्या मोबाईलवर फिरतो आणि आईला ही गोष्ट शेजारणीच्या फॉरवर्डमधून कळली तर तुमची सगळी तयारी वाया.

दारात

नाव सांगा, कुठून आलात ते सांगा, आत येऊ का विचारा. उंबऱ्यावर सांगायचं नाही. लहान मुलाने दार उघडलं तर मोठं कुणी आहे का एवढंच विचारायचं. आत गेल्यावर बसायला सांगा आणि तुम्हीपण बसा, उभ्या माणसाकडून बसून ऐकणं फार वाईट वाटतं. मग माणूस बरोबर आहे ना ते पक्कं करा, तुम्ही अमुकच्या आई ना, असं. इथे जास्त वेळ घालवू नका. युनिफॉर्म बघितल्यावर त्यांचं काळीज आधीच हललेलं असतं, आता तुम्ही हवापाण्याच्या गप्पा मारल्यात तर तो छळ आहे.

वाक्य

आता मुद्द्याचं. आधी एक इशारा देणारं वाक्य, "एक फार वाईट बातमी घेऊन आलोय." एक श्वास. मग सरळ, "रात्री साडेनऊला गाडीचा अपघात झाला आणि त्यात तुमच्या मुलाचा मृत्यू झाला." यात मुलाचं नाव घ्या. बस, एवढंच. घरात शिरल्यापासून मिनिट दोन मिनिटांत हे वाक्य बोलून व्हायला पाहिजे.

मृत्यू झाला किंवा मरण पावला, हेच शब्द. मराठीत या एका गोष्टीसाठी आडवळणाचे इतके शब्द आहेत की विचारू नका. गेले, देवाज्ञा झाली, आपल्यात राहिले नाहीत, सोडून गेले, ऑफ झाले. एरवी हे शब्द मऊ वाटतात पण धक्क्यातला माणूस मऊ शब्दाच्या फटीतून आशा शोधतो. "गेले" म्हटलं की तो विचारतो "कुठे गेले?" आणि मग तुम्हाला तेच दुसऱ्यांदा, जास्त कठोरपणे सांगावं लागतं. "सीरियस आहे, लगेच चला" ही थाप तर अजिबात नको, रस्ताभर ती बाई नवस बोलत बसते आणि शेवटी तिला कळतं की तुम्हाला आधीपासून माहीत होतं. मग तुमच्यावर परत विश्वास ठेवणार नाही ती, आणि का ठेवावा.

बॉडी, डेड बॉडी, केस, मयत असले शब्द पण बाहेर ठेवून जा. नाव घ्या.

मग गप्प बसा

माझ्या पहिल्या वेळी मी इथेच चुकलो. वाक्य नीट बोललो आणि त्यानंतरची शांतता मला सहन झाली नाही म्हणून बोलत सुटलो, देव, काळ, धीर, आठवणी, काय काय बोललो मलाच आठवत नाही. समोरच्या आजोबांनी शेवटी हात वर करून मला थांबवलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

माणसं काहीही करतात. रडतात, ओरडतात, भिंतीवर हात आपटतात, एकदम हसतात, तुम्हालाच शिव्या देतात, काहीजण शांतपणे उठून राहिलेली भांडी घासायला लागतात. यातलं काहीच चूक नाही, अडवू नका. फक्त स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होणार नाही हे बघा, आणि छातीत दुखतंय, श्वास लागतोय असं काही दिसलं तर लगेच अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा, हे धक्क्यामुळे आहे म्हणून सोडून देऊ नका.

काय बोलू नये याची माझी यादी: देवाची इच्छा होती. चांगल्या माणसांना देव लवकर नेतो. सुटला बिचारा. मुलांकडे बघा आणि सावरा. मला कळतंय तुम्हाला काय वाटतंय. निदान दुसरा मुलगा आहे ना. या सगळ्या वाक्यांनी बोलणाऱ्याला बरं वाटतं, ऐकणाऱ्याला नाही. "फार वाईट झालं" आणि "मी इथेच आहे" या दोन वाक्यांवर तासभर निघतो, खरंच निघतो.

प्रश्न येतात त्यांची खरी उत्तरं द्यायची. त्याला त्रास झाला का, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकजण विचारतो. माहीत असेल तर सांगा, नसेल तर "मला माहीत नाही, डॉक्टरांकडून विचारून कळवतो" म्हणा आणि मग खरंच कळवा. "अजिबात त्रास झाला नाही" हे ठोकून देऊ नका, पुढे पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट त्यांच्या हातात येतो.

आत्महत्या असेल तर तीही लपवू नका, फक्त पद्धतीचे तपशील न विचारता सांगू नका. खून असेल तर तपासाबद्दल तोंड बंद, त्यासाठी तपास अधिकाऱ्याचा नंबर द्या.

प्रार्थना

विचारून. "तुम्हाला चालणार असेल तर एक प्रार्थना करू का, की तुमच्या श्रद्धेतल्या कुणाला बोलवू?" नको म्हणाले तर विषय संपला. तुम्ही पोलिसांबरोबर आलाय, युनिफॉर्मचं वजन तुमच्यामागे आहे, त्यामुळे घाबरलेला माणूस नको असतानाही हो म्हणू शकतो, म्हणून विचारतानाच नाही म्हणायला जागा ठेवा. आपल्या धर्माचा प्रचार करायची ही वेळ आहे असं ज्याला वाटतं त्याने कृपा करून हे काम घेऊ नये.

गुप्ततेचं वचन जपून द्या

दुःखात माणसं काहीही बोलून जातात, आदल्या रात्रीचं भांडण, पैसे, व्यसन, कधी कधी त्याहून गंभीर काही. धर्मगुरूला विश्वासाने सांगितलेलं कोर्टात उघड करायला लावता येत नाही हे तत्त्व जुनं आहे, न्यूयॉर्कमध्ये 1813 साली एका कॅथलिक पाद्रीने चोरीच्या प्रकरणात कबुलीजबाबातली गोष्ट सांगायला नकार दिला आणि कोर्टाने त्याचं म्हणणं मान्य केलं. आता अमेरिकेतल्या प्रत्येक राज्यात तसा कायदा आहे, पण प्रत्येकाचे नियम वेगळे आणि अपवादही वेगळे, लहान मुलांवरच्या अत्याचाराचा विषय निघाला तर बऱ्याच ठिकाणी कळवावंच लागतं. शिवाय शेजारच्या खुर्चीत पोलीस बसलेला असताना बोललेलं खाजगी कसं राहणार? तेव्हा "काहीही सांगा, माझ्यापाशीच राहील" असं सरसकट म्हणू नका. कुणी मोठं काही सांगायच्या बेतात दिसलं तर आधीच थांबवून स्पष्ट करा की मी काय जपू शकतो आणि काय नाही. आपल्या भागातला कायदा काय म्हणतो हे आधी एकदा वकिलाकडून समजून घ्या.

निघताना

माणसाला एकटं सोडून निघायचं नाही. बहीण, मित्र, शेजारी, कुणीतरी येईपर्यंत थांबा. आणखी कुणाकुणाला कळवायचंय याची यादी करायला मदत करा, पण फोन त्यांना करू द्या, हवं असेल तर शेजारी बसा. मुलांना सांगायचं असेल तर तिथेही सरळ शब्द, "बाबा झोपलेत" म्हटलं तर मूल रात्री झोपायला घाबरतं. मृतदेह बघायचा की नाही हे त्यांनी ठरवायचं, तुम्ही फक्त काय दिसेल हे आधी सांगून ठेवा.

सगळे नंबर, पत्ते आणि पुढे काय होणार हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या. तोंडी सांगितलेलं त्यातलं काही राहत नाही. दुसऱ्या दिवशी फोन करा.

गाडीत परत

अजून एक माणूस बाकी असतो, तुमच्याबरोबर आलेला पोलीस. कित्येकदा अपघाताच्या जागीही तोच होता. 1983 मध्ये अमेरिकन तज्ज्ञ जेफ्री मिचेल यांनी अशा प्रसंगानंतर सगळ्यांना बसवून बोलतं करायची पद्धत मांडली आणि ती खूप पसरली, पण नंतरच्या अभ्यासांत असं दिसलं की एकदाच बसवून सगळं ओकायला लावल्याने पुढचा मानसिक आजार टळत नाही. म्हणून जबरदस्ती नको. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली त्यात तीनच गोष्टी आहेत, बघा, ऐका, लागेल त्या मदतीशी जोडून द्या. गाडीत मी रेडिओ बंद करतो आणि गप्प बसतो, बोलायचं असेल तर तो बोलतो. चार दिवसांनी परत भेटतो, झोप येते का विचारतो, दारू वाढलीय का बघतो, आणि गरज दिसली तर खात्याबाहेरच्या समुपदेशकाचा नंबर देतो.

तुम्हालाही कुणाशी तरी बोलावं लागेल, दुसऱ्या चॅप्लेनशी बोला, पण सांगताना घर ओळखू येईल असं काही नको. नुसतं नाव बदलून भागत नाही. "लग्नाच्या आदल्या दिवशी गेलेला मुलगा" एवढं म्हटलं तरी अर्ध्या गावाला कळतं कोण ते. म्हणून स्वतःबद्दल बोला, मी काय बोललो, कुठे अडकलो, घरी गेल्यावर झोप का आली नाही. मी तो निघण्याआधी केलेला कागददेखील आठवड्याने फाडून टाकतो, त्यातला फोन नंबर आणि एक तारीख तेवढी डायरीत उतरवून घेतो, कारण महिन्याने सगळे पाहुणे आपापल्या घरी गेलेले असतात आणि तेव्हा एक फोन करायचा असतो.