गावातल्या कबड्डीनं गावाचं काय बदललं, ते कसं तपासायचं

राजेहो, चषक किती आले अन् पोट्टे किती येतात एवढ्यावरून गावाले काय फायदा झाला ते समजत नाही. नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांसाठी फुटबॉल सुरू केला तो यासाठी की मैदानावर असेपर्यंत पोरं वाईट नादापासून दूर राहतात. आपल्याले पाहायचं ते मैदानावरून घरी गेल्यावरचं.

पहिलं काम खेळ सुरू व्हायच्या आधीचं, नंतर जमत नाही. पेरणीच्या गडबडीआधी पंचवीस-तीस घरी जा अन् वहीत लिहा, पोरगी शाळेत जाते का, पोट्टा संध्याकाळी कुठं असते, दुसऱ्या मोहल्ल्यातला दोस्त आहे का. वर्षानं त्याच घरी तेच प्रश्न. खर्ऱ्याचं, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून खातात त्याचं, मात्र बापासमोर विचारू नका, कोणीच खरं सांगत नाही, बिननावाची चिठ्ठी डब्यात टाकायला लावा. अन् विचारायले कोच नको, त्याच्यासमोर सगळे गोडच बोलतात.

हजेरीत न आल्याचं कारण लिहाच, हे मी कळकळीनं सांगतो. आमच्या वहीत दिवाळीनंतर पोरींच्या नावापुढं नुसत्या फुल्या, आम्ही समजलो इंटरेस्ट गेला, घरी गेलो तं अर्ध्या कापूस वेचायले जात होत्या अन् बाकीच्यांले अंधार लवकर पडते म्हणून माय सोडत नव्हती. बाजाराच्या दिवशी आमच्याकडं वेचणी बंद असते, त्या दिवशी दुपारी सराव ठेवला तं नऊजणी परत आल्या.

पोलीस भरतीची तयारी करणारे १६०० मीटर किती मिनिटांत धावतात हे मोजणं सोपं आहे, मोजा, पण तो दम झाला, सामाजिक बदल नाही.

आता अवघड भाग. पोरी दहावीनंतर शाळेत टिकल्या, पण त्याच वर्षी पोरींले शाळेत फुकट नेणारी सरकारची मानव विकासची निळी बस सुरू झाली असंल तं श्रेय कोणाचं? म्हणून मैदान नसलेल्या शेजारच्या गावातही तेच प्रश्न विचारा. तिथंही तेवढाच बदल दिसला तं आपल्या खेळानं झाला असं लिहू नका.

शेवटी एकदाही न आलेल्या पोरांची यादी मोहल्ल्यानुसार काढा. एकाच मोहल्ल्याची नावं जास्त निघाली तं आकडे ग्रामसभेत वाचायच्या आधी त्या घरी जाऊन बसा अन् काहून येत नाही ते ऐका.