एकाचा भाव काढायचा कसा (सहावी-सातवीच्या पोरांना शिकवताना)

एकमान पद्धत म्हणजे आधी एका नगाचा, एका किलोचा नाहीतर एका तासाचा हिशोब काढायचा आणि मग पाहिजे तेवढ्याचा, एवढंच आहे. पोरांना भागाकार येतो हो, अडतं ते कशाला कशाने भागायचं इथे. दोन आकडे दिसले की मोठ्याला लहानाने भागून मोकळे होतात, आणि बऱ्याचदा उत्तर बरोबरही येतं म्हणून ती सवय लागते. ही सवय आधी मोडा.

भागायच्या आधी उत्तराचं वाक्य वहीत लिहायला लावा, "1 किलोला ____ रुपये". ज्याचं 1 पाहिजे ते खाली, छेदात. समजा 5 किलो ज्वारी 225 रुपयांना आणली, तर किलो खाली, 225 ÷ 5 = 45 रुपये. पोराने 5 ÷ 225 केलं तर लगेच चूक म्हणून फुली मारू नका, तेही खरं उत्तर आहे पण वेगळ्या प्रश्नाचं, 1 रुपयात किती ज्वारी येते त्याचं (साधारण 22 ग्रॅम). म्हणून एकक लिहिल्याशिवाय उत्तर पूर्ण धरायचंच नाही.

आता शेंगा चटणी घ्या, घरात असतेच. समजा 250 ग्रॅमचं पाकीट 90 रुपये आणि 400 ग्रॅमचं 136 रुपये, कुठलं परवडतं? नुसतं बघून सांगता येत नाही. 90 ÷ 250 = 0.36 आणि 136 ÷ 400 = 0.34, म्हणजे ग्रॅमला 36 पैसे आणि 34 पैसे, मोठं पाकीट स्वस्त. पण तेच मोठं पाकीट 148 ला असतं तर ग्रॅमला 37 पैसे पडले असते, मोठं म्हणजे स्वस्त असं धरून चालायचं नाही. हल्ली बऱ्याच पाकिटांवर एमआरपीजवळच ग्रॅमला किती रुपये पडतात तेही छापलेलं असतं, ते अंगठ्याने झाकायचं, पोराला काढायला लावायचं आणि मग अंगठा उचलून ताळा बघायचा. मला तर पुस्तकातल्या गणितांपेक्षा हा सराव जास्त आवडतो.

अपूर्णांक आला की पोरं घाबरतात. पाऊण किलो डाळिंबं 120 रुपयांना, तर किलोचा भाव? 120 ला 3/4 ने भागा म्हटलं की गोंधळ होतो, त्याऐवजी पाऊण म्हणजे तीन पाव असं सांगा, एक पाव 40 चा, किलोत चार पाव, झाले 160 रुपये. सव्वा, दीड, अडीच सगळं असंच पावात मोडता येतं.

वेगाच्या गणितात मिनिटं आणि तास बघून घ्या. सोलापूर ते अक्कलकोट साधारण 40 किमी, समजा 50 मिनिटं लागली, 40 ÷ 50 = 0.8, पण हे मिनिटाला 0.8 किमी आहे, तासाचा वेग पाहिजे तर 60 ने गुणायचं, 48 किमी.

आणि एक प्रकार असतो जिथे डोळे झाकून भागाकार केला की फसलात. 4 यंत्रमागांवर टॉवेलची ऑर्डर 6 दिवसांत होते, 1 मागावर किती दिवस? पोरगं 6 ÷ 4 करून दीड दिवस सांगतं. फक्त एवढंच विचारा, माग कमी झाले तर दिवस वाढणार का कमी होणार? वाढणार, मग गुणायचं, 24 दिवस. याला व्यस्त प्रमाण म्हणतात.

रिक्षाचं भाडं पण तसं सरळ नसतं. समजा पहिल्या 2 किमीला 40 रुपये आणि पुढे दर किमीला 15, तर 4 किमीचे 70 झाले, अंतर दुप्पट पण पैसे दुप्पट नाहीत, म्हणजे 70 ÷ 4 करून आलेला भाव 10 किमीला लावला तर हिशोब चुकणार. अशा वेळी सुरुवातीचे 2 किमी आणि त्यांचे 40 रुपये बाजूला काढायचे, उरलेल्या 8 किमीचे 120, मिळून 160.